चौथा दांडा

दौलताबादकडून या की वेरूळकडून, खुलताबादला यायचे तर घाट चढावाच लागतो. दर्ग्यांना येणारे जायरीन, भद्रा मारुतीचे भाविक, औरंगजेबाची साधी कबर पाहायला येणारे पर्यटक, सगळ्यांच्या गाड्या वर येईपर्यंत तापलेल्या असतात. कुणी बॉनेट उघडून उभा राहतो, कुणी पाण्याची बाटली मागतो. अशा तापलेल्या गाड्यांवरच आमच्या घराची चूल तीन पिढ्या पेटत आली आहे.

आम्ही दोघे भाऊ आणि अब्बा. पत्र्याचे एक शेड, जमिनीत खणलेला एक खड्डा, भिंतीवर टांगलेले पाने. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ते वेरूळ या रस्त्यावर काळ्यापिवळ्या जीपगाड्यांचे राज्य होते, तेव्हा आम्हाला जेवायला फुरसत नसे. कुणाची क्लचप्लेट जळालेली, कुणाचा गिअर सुटलेला. पंधरा-पंधरा माणसे भरलेली जीप घाट चढायची आणि संध्याकाळी आमच्या खड्ड्यावर येऊन दम टाकायची. मग गाड्या बदलल्या. नव्या गाडीचा आजार आधी संगणकाला कळतो, मिस्त्रीच्या कानाला नाही. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिमांमध्ये नोकरदारांपेक्षा स्वतःचा छोटा धंदा करणारे जास्त, असे आकड्यांनिशी मांडले आहे. आम्हाला ते वाचून नवल वाटले नाही. आमच्या गल्लीत तो अहवाल रोज सकाळी शटर उघडतो.

अशा मंदीच्या दिवसांत बाजारसावंगीकडचे एक निवृत्त गुरुजी आपली जीप घेऊन आले. महिंद्राची सीजे-थ्री-बी, उंच बॉनेटची, १९६७ सालची. त्यांच्या वडिलांनी ती लिलावात घेतली होती. विहिरीचे पाइप, कापसाच्या गाठोड्या, बाळंतिणी आणि वऱ्हाडी, सगळे तिने वाहिले. गुरुजी म्हणाले, “मिस्त्री, मुलगा म्हणतो विकून टाका. मला विकायची नाही. पण शहरात जायचे म्हटले की ती किंचाळते, आणि मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव घेतात. काही करता येईल का?”

ही जीप मूळची अमेरिकेतल्या विलीज कंपनीची. आपल्याकडे ती आणणारी कंपनी १९४५ मध्ये निघाली तेव्हा तिचे नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनी महिंद्रा अँड महिंद्रा झाली. दोन ‘एम’ होते तसेच राहिले. अब्बा ही गोष्ट प्रत्येक नव्या पोराला पाना हातात देण्याआधी सांगतात. त्यावर स्वतःची मल्लिनाथी मात्र करत नाहीत.

आता ती किंचाळते का, ते सांगतो. या जीपला पुढचे गिअर तीनच. पहिल्याचे प्रमाण २.८०, दुसऱ्याचे १.५५, आणि तिसरा सरळ, म्हणजे इंजिनाची एक फेरी झाली की मागच्या शाफ्टचीही एकच. पुढे हौजिंगमध्ये क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट सुमारे ५.३८ वेळा फिरला पाहिजे. चिखलातून, नाल्यातून, ओझे घेऊन चढायला हे उत्तम. पण सपाट रस्त्यावर ताशी ६० ला इंजिन मिनिटाला सुमारे २३०० ते २४०० फेरे घेते आणि ८० ला ३१०० च्या वर जाते. तिच्या जन्माच्या वेळी आमच्याकडे ८० ने जायला रस्ताच नव्हता. आज माळीवाड्याजवळून समृद्धी महामार्ग जातो. गाडी तीच आहे, खालची जमीन बदलली आहे.

हे दुखणे एकट्या जीपचे नाही. अमेरिकेत १९६० च्या दशकात पाँटियाक जीटीओसारख्या दांडग्या इंजिनांच्या गाड्या निघाल्या. त्यांच्या चार गिअरांतला शेवटचाही सरळच, आणि मागचे क्राउन-पिनियन झटक्यात वेग घेण्याच्या हिशेबाचे. त्यांचे आजचे हौशी मालकही लांबच्या प्रवासात इंजिनाच्या आवाजाने बेजार होतात. मग ते गिअरबॉक्सच्या मागे एक जादा डबा बसवतात. त्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. इंजिनाची फेरी एक पूर्ण होण्याआधीच मागचा शाफ्ट एक फेरी पूर्ण करतो. इंग्लंडमध्ये लेकॉक-डी-नॉर्मनव्हिल नावाचा असाच डबा अनेक मोटारींना कंपनीतूनच येत असे. विलीज जीपसाठी वॉर्न या अमेरिकन कंपनीने वेगळा ओव्हरड्राइव्ह काढला होता. त्याचे प्रमाण ०.७५. हिशेब सोपा आहे, ६० ला जितके फेरे लागत तितक्याच फेऱ्यांत गाडी ८० जाते.

आमच्याकडची रीत मात्र निराळी. जीपला वेग हवा म्हटले की मिस्त्री नव्या गाडीचा पाच गिअरांचा डबा काढून आणतो. तो लांबीला जास्त, म्हणून चासीची आडवी पट्टी कापायची, मागचा शाफ्ट छोटा करायचा, माउंटिंग वेल्डिंगने नवे करायचे. धाकट्या भावाचे मत तेच होते. माल जुन्या बाजारात मिळतो, काम आठवड्याचे, पैसे रोख. आणि त्या महिन्यात पैशांची गरज नव्हती असे नाही.

अब्बांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाले, “काटना नै. जो लगाएंगे, वो कल को निकलना बी चाहिए.”

हा निव्वळ म्हाताऱ्याचा हट्ट नव्हता. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी त्यात बसते, पण तिच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. गुरुजींना तसली पाटी लावायची नव्हती, कारण तशी गाडी रोज फिरवता येत नाही. पण पुढे नातवाला वाटले तर? आज कापलेली पट्टी तेव्हा कुठून आणणार?

शेवटी गुरुजींच्या अमेरिकेतल्या मुलानेच, जो विका म्हणत होता त्यानेच, जुना पण दुरुस्त केलेला ओव्हरड्राइव्ह शोधला आणि येताना सामानातून आणला. सोबत इंग्रजीत छापलेले कागद. आम्हा दोघा भावांचे शिक्षण दहावीच्या आत संपलेले. अब्बा उर्दू वाचतात. कागद चार दिवस पान्यांच्या पेटीवर पडून राहिले. मग आमची भाची सुट्टीत आली. ती मेकॅनिकलचा डिप्लोमा करते. तिच्या वर्गात मुली मोजक्याच, आणि नातेवाइकांत तिला विचारणारे बरेच, की बेटी, हे शिकून काय करणार? ती खड्ड्याच्या काठावर स्टूल घेऊन बसली आणि एकेक ओळ मोठ्याने मराठीत सांगू लागली. अब्बा खाली, ती वर.

या जीपला गिअरबॉक्सच्या मागे चार चाकांना ताकद वाटणारा डबा, ट्रान्सफर केस, असतो. त्याच्या पाठीवर एक झाकण आहे. ट्रॅक्टरवाल्यांना ठाऊक असलेला पीटीओ तिथूनच निघतो. झाकण काढले की मेनशाफ्टचे टोक दिसते, त्यावर एक गिअर आणि नट. तो गिअर बाहेर काढायचा आणि त्याच जागी ओव्हरड्राइव्ह सरकवायचा. ऐकायला सोपे आहे. पण गिअर ओढताना शाफ्टही मागे सरकला, तर पुढचा सगळा गिअरबॉक्स खोलावा लागतो. आणि पन्नास वर्षांच्या शाफ्टच्या खाचा झिजल्या असल्या, तर नवा शाफ्ट शोधत फिरावे लागते.

“नाना, शाफ्ट पकडून ठेवा असं लिहिलंय,” भाची म्हणाली.

“लिखने के पैले से पकडा हूं,” खालून आवाज आला. पण पुढे फट किती ठेवायची हे तिने वाचले, तेव्हा अब्बांनी गिअर बोटांनी पुढे-मागे हलवला, थांबले आणि म्हणाले, “फिर से पढ.” तिने पुन्हा वाचले. त्यांनी डबा उतरवला, कागदी पॅकिंगचा एक पापुद्रा वाढवला आणि पुन्हा चढवला. कान आणि कागद यांचे त्या दुपारी बराच वेळ चालले. कोण बरोबर होते ते आम्हाला सांगता येणार नाही. फट मात्र बरोबर बसली.

ओव्हरड्राइव्हचा दांडा आत घ्यायला फरशीच्या पत्र्याला भोक पाडावे लागणार होते. गिअरचा एक आणि ट्रान्सफरचे दोन, असे तीन दांडे होतेच, हा चौथा. अब्बांनी मूळ स्क्रूचा पत्रा काढून बाजूला ठेवायला लावला आणि त्याच मापाचा नवा कापून घेतला. भोक नव्याला पाडले.

नव्वद नंबरचे तेल भरले आणि गाडी काढली. घाट उतरताना चौथा दांडा मागेच ठेवला. उताराला इंजिनाची पकड लागते, ओव्हरड्राइव्ह ती कमी करतो. दौलताबादच्या तटाची गर्दी पार करून सपाटीला आल्यावर गुरुजींनी क्लच दाबून दांडा ओढला. इंजिनाचा आवाज खाली आला, काटा मात्र खाली आला नाही. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी नुसता टोपीला हात लावला.

आम्हाला खरी गंमत परतताना कळली. या घाटात दुसरा गिअर ओरडतो आणि तिसऱ्यात गाडी दम सोडते, हे आम्ही जन्मभर ऐकत आलो. दुसऱ्यावर ओव्हरड्राइव्ह टाकला तर १.५५ चे १.१६ होते, म्हणजे दोन पायऱ्यांच्या मधली पायरी. गाडी त्या पायरीवर शांतपणे चढत राहिली. डबा आणला होता पळण्यासाठी, उपयोगी पडला चढण्यासाठीही. इंजिनाची ताकद त्याने गुंजभरही वाढवली नाही. होती तीच ताकद जागेवर वापरायची सोय केली, इतकेच. चढ भारी असेल तेव्हा दांडा सोडून द्यायचा, हेही त्यातच आले.

धाकट्याने हिशेब केला. वेळ दुप्पट गेला, मजुरी निम्मीच सुटली. तो खोटे बोलत नव्हता. अशा कामांवर दोन घरे चालणार नाहीत, हे आम्हा सर्वांनाच कळते. पण कापून केलेले काम फिरवता येत नाही, आणि आमच्या शेडमध्ये पन्नास वर्षांच्या वस्तूच येतात. त्यांच्यापुढे आमची घाई किती दिवसांची?

मूळ गिअर, नट, झाकण आणि तो जुना पत्रा, सगळे तेल लावून फडक्यात बांधून आम्ही गुरुजींच्या हवाली केले. गाठोड्यावर भाचीने चिठ्ठी लावली, कोणता भाग कुठे बसतो ते मराठीत लिहून. मग दोनशे पानी वही आणून तिने सगळे काम पायरीपायरीने उतरवले. कागदात नव्हत्या त्या गोष्टीही तिने लिहिल्या, शाफ्ट कुठल्या बोटाने धरायचा, आवाज कसा आला की थांबायचे. अब्बा सांगत गेले, मध्येच रागावत गेले, “इत्ता बी लिखते क्या?”

वहीची बारा पाने भरली आहेत. भाची पुढच्या सुट्टीत येणार आहे. क्लच, रेडिएटर आणि डिफरन्शल अजून अब्बांच्या हातातच आहेत.