गेटाच्या आत

सहलीपेक्षा सहलीचा बेत आखण्यातच मजा जास्त, असे म्हणतात. आमच्या घरी मात्र सहल हा बाबांचा धंदा होता. आगाशीला आमच्या दारात अठ्ठावीस वर्षे पिवळ्या पाटीची गाडी उभी असे. सुट्ट्या लागल्या की बाबा कुणाच्या तरी कुटुंबाला घेऊन महाबळेश्वर, शिर्डी, कधी थेट चंद्रपूरकडचे ताडोबा गाठत. परत आले की आम्ही भावंडे विचारायचो, "बाबा, वाघ पाहिला?" ते म्हणायचे, "पार्टीने पाहिला." पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. पार्टी जंगलात जाई, आणि बाबा गेटाबाहेर गाडी पुसत बसत.

दोन वर्षांपूर्वी साखरेने बाबांच्या डोळ्यांचा पडदा धरला. "आहे ती नजर टिकवू, पण गाडी चालवणं बंद," डॉक्टर म्हणाले. पिवळ्या पाटीची गाडी विकली. त्या पैशांत सात वर्षे वापरलेली, पांढऱ्या पाटीची छोटी गाडी घेतली. लायसन्स माझ्या हाती नुकतेच आले होते. मी जाहीर केले, "सहामाही परीक्षा संपली की ताडोबा. गाडी मी चालवणार."

आत्याने ताबडतोब हरकत घेतली. "जनावरं बघायला इतकं लांब कशाला गं? आपलं तुंगारेश्वर आहे की!" तिचेही खोटे नव्हते. तुंगारेश्वर 2003 पासून अभयारण्य आहे, आणि 2024 च्या उन्हाळ्यात तर बिबट्या स्वतःच वसईच्या किल्ल्यात येऊन राहिला होता. पिंजऱ्यात सापडेपर्यंत त्याने सुमारे पंचवीस दिवस सगळ्यांना जागवले. बाबा काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी पाहते तो, ते टॉर्च घेऊन आमच्या गाडीच्या टायरांपुढे उकिडवे बसलेले!

मग आमची कामाची वाटणी झाली. जंगलाचे मी पाहायचे, रस्त्याचे बाबांनी.

ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1995 साली व्याघ्रप्रकल्प, एवढे मला पाठ होते. पण बेत आखताना उपयोगी पडतात त्या वेगळ्याच गोष्टी. मंगळवारी जंगल बंद. पावसाळ्यात 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याचा संभव अधिक, पण चंद्रपूरचे ऊन बाबांना सोसणारे नाही, म्हणून नोव्हेंबर. दिवाळीची गर्दी टाळून, आठवड्याच्या मधला गुरुवार. आणि मुख्य म्हणजे, गाडी स्वतःची असली तरी ती गेटापर्यंतच. आत उघडी जिप्सी, तिचा चालक आणि सोबत गाईड. मोबाइलसुद्धा बाहेर ठेवायचा. आरक्षण नावानिशी होते आणि जे ओळखपत्र नोंदवले तेच गेटावर दाखवावे लागते. मी बाबांकडे आधार कार्ड मागितले. त्यांनी खिशातून लायसन्स काढून दिले. "हे चालेल ना?" मी तोच क्रमांक लिहिला.

बाबांचा पाठ याहून कठीण होता. टायरच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमचे दोन टायर सात वर्षांचे निघाले. नक्षी शाबूत होती, तरी त्यांनी ते बदलायला लावले. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत सलग झाला, 701 किलोमीटर. "सरळ रस्ता हा वाकड्या रस्त्यापेक्षा वाईट," बाबा म्हणाले. "वळण माणसाला जागं ठेवतं. सरळ रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि माणूस झोपतो." म्हणून नियम ठरले: मर्यादा 120 ची असली तरी आपण 90, टायर थंड असताना हवा तपासायची, दर दोन तासांनी उतरून चालायचे, अंधार पडला की मुक्काम. पहिली रात्र छत्रपती संभाजीनगरला. दुसऱ्या दिवशी वर्ध्याजवळ महामार्ग सोडून जाम, वरोरा, चंद्रपूर अशा वाटेने मोहर्ली. एकूण साडेआठशे किलोमीटरच्या घरात.

पहाटे पाच वाजता निघालो. आईने दशम्या, तिळाची चटणी आणि आगाशीची सुकेळी बांधून घेतली होती. चिंचोटी, कामण, अंजूरफाटा या खड्ड्यांच्या रस्त्यावर बाबांचा उजवा पाय शेजारच्या सीटवरून सारखा ब्रेक दाबत होता. तिथे ब्रेक नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होते. इगतपुरीचा लांबलचक बोगदा संपला तेव्हा तो पाय कुठे थांबला. जालन्याच्या पुढे पाहिले, तर बाबा चक्क झोपले होते. मी गाडी चालवत असताना बाबा झोपले, याचा मला परीक्षेच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला.

गुरुवारी पहाटे मोहर्लीच्या गेटावर कडाक्याची थंडी होती. मी गाडी लावली. आई शाल सावरत जिप्सीत चढली. बाबा मात्र आमच्या गाडीपाशीच उभे राहिले, हातात फडके घेऊन. "तुम्ही जाऊन या. मी थांबतो गाडीजवळ."

मला काय बोलावे सुचेना. तेवढ्यात गाईडने यादी वाचायला सुरुवात केली आणि बाबांचे पूर्ण नाव पुकारले. बाबांनी दचकून "हजर" म्हटले, फडके घडी करून खिशात ठेवले आणि वर चढले.

वाघ दिसला नाही. ओल्या वाटेवर पंजांचे ठसे दिसले, तळ्याच्या काठी चितळांचा कळप दिसला. एकदा जिप्सी थांबवून सारे गप्प बसलो असताना बाबा हळूच म्हणाले, "डावीकडे, लांब, काहीतरी ओरडलं." आम्हाला काहीच ऐकू आले नव्हते. गाईडने कान दिला आणि मान डोलावली. "सांबर आहे. धोक्याची हाक." इंजिनातली बारीकशी खडखड ओळखण्यात ज्या कानांचे आयुष्य गेले, त्यांनी ती हाक बरोबर टिपली होती. आम्ही वीस मिनिटे थांबलो. वाघ आलाच नाही, पण बाबा डोळे मिटून ऐकत होते.

परतल्यावर आत्याने दारातच विचारले, "काय, वाघ पाहिला का?"

"नाही," बाबा म्हणाले. "पण आम्ही आत गेलो होतो."