द्राक्षाची बातमी

वडिलांच्या बागेत भाव ठरवणारा माणूस डोळ्यांना दिसायचा. व्यापारी बांधावर यायचा, घड हातात तोलायचा, मणी चाखायचा आणि आकडा सांगायचा. पटला नाही तर वडील तासभर वाद घालत. निफाड तालुक्यातलं आमचं वर्ष एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी यांवर चाले. व्यापार म्हणजे हा बांधावरचा वाद, एवढंच मला ठाऊक होतं.

मुंबईत आंतरराष्ट्रीय व्यापाराचं वार्तांकन हाती आलं आणि तो माणूस दिसेनासा झाला. त्याच्या जागी करारांची कलमं आली. जागतिक व्यापार संघटनेसोबत १९९५ मध्ये लागू झालेला, अन्न, प्राणी आणि वनस्पतींच्या आरोग्याविषयीचा एसपीएस करार मी वाचला तो द्राक्षापायीच. अन्नसुरक्षेचे निकष ज्या त्या देशाने ठरवावेत, मात्र त्यांना शास्त्रीय आधार हवा, असं तो सांगतो. हे मला आजही रास्त वाटतं. आपल्या पोटात काय जातं, हे विचारायचा हक्क रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकाला आहेच. नाशिकच्या गिऱ्हाइकालाही तो तितकाच हवा.

पण २०१० चा हंगाम आठवला की जीव कळवळतो. युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश सापडला. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखावी, काडीत घड धरावा म्हणून हे संजीवक फवारलं जाई. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. फळ येण्याच्या कितीतरी महिने आधी केलेली फवारणी वेलीत टिकून राहिली होती. कंटेनर बंदरांत अडकले. बराचसा माल विक्रीनंतर हिशेब या बोलीवर गेलेला. म्हणजे भाडं, साठवण, तपासणी सगळं कापून उरेल ते बागायतदाराचं. काहींच्या वाट्याला उलट देणंच आलं. वाद घालायचा तर कुणाशी? समोर कुणीच नव्हतं.

तेव्हापासून मी करारासोबत शेतकऱ्याची पट्टीही, म्हणजे विक्रीचा हिशेबही, मागते. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. जहाजभाडं वाढल्याची बातमी सगळीकडे आली. पण युरोपचा खरेदीदार आधी द्राक्षाचा देठ हिरवा आहे का ते पाहतो, आणि देठ रोज थोडा सुकत असतो. या वाढीव दिवसांची किंमत कुणाच्या पट्टीतून वजा झाली, तेच मी लिहीत राहिले.