सहा लाख श्लोकांची राख आणि हारूनचा समुद्र

जंगलात एका टेकडीवर अग्निकुंड पेटले आहे. एक माणूस पोथीचे एकेक पान मोठ्याने वाचतो आणि वाचून झाले की ते आगीत टाकतो. त्याचे दोन शिष्य शेजारी बसून रडत आहेत. भोवती हरणे, रानडुकरे, रेडे यांचे कोंडाळे जमले आहे. चरायचे विसरून ती जनावरे डोळ्यांत पाणी आणून ऐकत आहेत. सात लाख श्लोकांच्या त्या कथेतील सहा लाख श्लोक असे राख झाले.

हा धागा त्या पोथीचा आहे, आणि १९९० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या एका अद्भुत कादंबरीचाही.

पोथी जाळणाऱ्याचे नाव गुणाढ्य. दंतकथेप्रमाणे तो प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या गोदाकाठच्या पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री. एकदा राजा राण्यांसह जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, मला पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी होतो ‘मोदकैः’. राजाला संस्कृत येत नव्हते. त्याने ताबडतोब मोदकांची ताटे मागवली. राणी हसली, सगळा परिवार हसला आणि राजाने लाजेने अंथरूण धरले.

आता राजाला व्याकरण शिकायचे होते, तेही घाईने. गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा नावाचा दुसरा मंत्री म्हणाला, सहा महिन्यांत शिकवतो. हे घडले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडेन, अशी प्रतिज्ञा गुणाढ्याने केली, आणि तो पैज हरला. ज्याचे सारे वैभव वाणीवर उभे होते, तो मुका होऊन अरण्यात निघून गेला.

या विनोदाखाली इतिहासाचा एक थर दडलेला आहे. सातवाहनांचे नाणेघाटातील आणि नाशिकच्या लेण्यांतील लेख प्राकृतात आहेत. ‘गाथासप्तशती’ हा महाराष्ट्री प्राकृतातील संग्रह हाल सातवाहनाच्या नावावर आहे. म्हणजे या दरबाराची भाषा खरोखरच प्राकृत होती. पुढे संस्कृतात लिहिणाऱ्यांनी त्या आठवणीची थट्टा केली आणि भाषा कळत नाही म्हणून हसू झालेला राजा रंगवला. दंतकथा खोटी असेल. पण ती हवेतून आलेली नाही.

अरण्यात गुणाढ्याला चौथी भाषा सापडली: पैशाची, पिशाचांची बोली. काणभूती नावाच्या पिशाचाकडून त्याने एक अजस्र कथा ऐकली आणि सात वर्षे बसून ती लिहून काढली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्यांनी पोथी सातवाहनाकडे नेली. राजाने काय पाहिले? भाषा पिशाचांची, अक्षरे रक्ताची. त्याने तिरस्काराने पोथी परत पाठवली. ज्या राजाला कालपरवापर्यंत संस्कृत येत नव्हते, तो सहा महिन्यांच्या शिकवणीनंतर दुसऱ्याची भाषा हलकी ठरवू लागला होता. अर्धवट शिक्षणाचे याहून मार्मिक चित्र प्राचीन वाङ्मयात क्वचितच सापडेल.

नंतर ते अग्निकुंड. कथा वाचवली गेली, तीही रसिकतेमुळे नव्हे. राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुके, निःसत्त्व मांस खाण्यात येते आहे. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांवर बोट ठेवले. शिकारी म्हणाले, जंगलातली जनावरे चरतच नाहीत, एका माणसाचे वाचन ऐकत उभी असतात. राजा तिथे पोहोचला तेव्हा एक लाख श्लोक उरले होते: शिष्यांना प्रिय असलेली नरवाहनदत्ताची कथा. तीच ‘बृहत्कथा’.

मूळ ‘बृहत्कथा’ आज कुठेही उपलब्ध नाही. दंडी आणि बाण यांनी तिचा उल्लेख केला आहे, आणि तिच्यावरून रचलेले नंतरचे काही ग्रंथ हाती आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे काश्मीरच्या सोमदेवाचा ‘कथासरित्सागर’: अकराव्या शतकातला, १८ लंबक, १२४ तरंग, एकवीस हजारांवर श्लोक. वरची सगळी हकिकत याच ग्रंथाच्या पहिल्या लंबकात येते. काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्या मनोरंजनासाठी आपण हा ग्रंथ रचला, असे सोमदेव सांगतो. राणीचे दिवस मात्र रंजनाचे नव्हते. पती अनंत आणि पुत्र कलश यांच्यातील वैर वाढत गेले. १०८१ च्या सुमारास अनंताने आत्महत्या केली आणि सूर्यमती त्याच्या चितेवर चढली, असे कल्हणाची ‘राजतरंगिणी’ सांगते. ज्या घरात बाप आणि मुलगा एकमेकांच्या जिवावर उठले होते, त्या घरातील स्त्रीसाठी कथांचा हा सागर भरला गेला.

ग्रंथाची सुरुवातही पाहण्यासारखी आहे. पार्वती शंकराकडे हट्ट धरते, कोणीही कधी न ऐकलेली कथा सांगा. शंकर सांगतो. पण पुष्पदंत नावाचा गण ती चोरून ऐकतो आणि बायकोला सांगतो. बायको ती पार्वतीलाच ऐकवते. पार्वती संतापते: ही कथा तर हिलाही ठाऊक आहे! पुष्पदंताला शाप मिळतो, आणि त्याची बाजू घेणाऱ्या माल्यवानालाही. हा माल्यवानच पृथ्वीवर गुणाढ्य म्हणून जन्मतो. कोरी करकरीत कथा मागितली, तर देवांच्या घरीही ती एक दिवस कोरी राहिली नाही.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ छापला गेला: आधी जर्मनीत ब्रॉकहाउसने संपादून, आणि १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाने. १८८० ते १८८४ या काळात टॉनी यांचा इंग्रजी अनुवाद कलकत्त्याला निघाला. त्याच्या शीर्षकात ‘कथांच्या प्रवाहांचा महासागर’ हा अर्थ शब्दशः उतरवलेला होता. शंभर वर्षांनी हेच शब्द एका कादंबरीत खऱ्याखुऱ्या पाण्याचे झाले.

सलमान रश्दी यांचा जन्म १९४७ साली मुंबईत झाला. घराण्याची मुळे काश्मिरी. १९८८ साली त्यांची ‘द सॅटनिक व्हर्सेस’ प्रसिद्ध झाली, भारताने तिच्या आयातीवर बंदी घातली आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी इराणच्या आयातुल्ला खोमेनींनी त्यांच्या मृत्यूचा फतवा काढला. लेखक पोलीस पहाऱ्यात भूमिगत झाला. नऊ वर्षांचा मुलगा झफर याला, तुला वाचता येईल असे पुस्तक लिहीन, असे त्याने वचन दिले होते. लपलेल्या घरांत बसून त्याने ते पाळले. ‘हारून अँड द सी ऑफ स्टोरीज’ १९९० मध्ये आली.

कथा अशी. रशीद खलिफा हा नामांकित गोष्टीवेल्हाळ. पुढारीही त्याला सभांना गर्दी जमवण्यासाठी बोलावतात. त्याची बायको गोष्टींचा तिटकारा असलेल्या एका कारकुनाबरोबर निघून जाते. दुःखाच्या भरात मुलगा हारून बापाला विचारतो, ज्या खऱ्यादेखील नाहीत अशा गोष्टींचा उपयोग काय? तो प्रश्न बापाची वाणीच घेऊन जातो. भर सभेत रशीदच्या तोंडून नुसते घशातले आवाज निघतात. एका सरोवरातल्या हाउसबोटीवर हारूनला रात्री उमगते, की बापाच्या गोष्टी नळाने येत होत्या आणि एक जलजिन्न ती जोडणी तोडायला आला आहे. त्याच्यामागे हारून ‘कहानी’ नावाच्या चंद्रावर पोहोचतो. तिथे कथांचा समुद्र आहे. हजारो रंगी प्रवाह, प्रत्येक प्रवाह एक कथा. आणि ‘खतमशुद’ नावाचा सत्ताधीश त्यात विष कालवतो आहे.

सोमदेवाने रूपक म्हणून वापरलेला सागर इथे बादलीने उपसता येतो, पिता येतो, गढूळ होतो. मुलांच्या अद्भुत साहित्याचे हे जुने कसब: मोठ्यांच्या ग्रंथातील अलंकार उचलायचा आणि तो खराच आहे असे समजून पुढे चालायचे. हारून एका राजकन्येच्या सुटकेची गोष्ट पितो. पण पाणी विषारी झालेले असल्याने मनोरा चढता चढता नायकाचा कोळी होतो आणि राजकन्याच सुरीने त्याच्यावर वार करते. बिघडलेल्या परीकथेची चव मुलांना आधी कळते, कारण बिनबिघाडाची त्यांना पाठ असते.

पुस्तकात एकट्या सोमदेवाचे पाणी नाही. हारूनला पाठीवर घेऊन उडणारा यांत्रिक हुदहुद फारसी कवी अत्तारच्या पक्ष्यांच्या काव्यातून आला आहे. तिथेही हुदहुदच इतर पक्ष्यांना वाट दाखवतो. अनेक तोंडांनी कथा गिळणाऱ्या आणि पोटात त्यांचे मिश्रण करून नव्या कथा बाहेर सोडणाऱ्या माशांची नावे गूपी आणि बाघा. हा सत्यजित राय यांच्या १९६९ च्या चित्रपटाला, आणि पर्यायाने त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांच्या कथेला, केलेला नमस्कार. हे मासे म्हणजे साहित्यातील प्रभावाची उत्तम व्याख्या आहेत. उसनवारीची यादी करणाऱ्या अभ्यासकांपेक्षा त्यांना हा विषय जास्त कळतो.

चंद्रावर दोन देश आहेत. बोलक्यांचा ‘गुप’, म्हणजे गप, आणि मुक्यांचा ‘चुप’. मराठी वाचक इथे क्षणभर अडखळतो, कारण आपल्याकडे गप्पाही मारतात आणि ‘गप बस’ही म्हणतात! हिंदुस्तानीत समोरासमोर उभे राहिलेले हे दोन देश मराठीत एकाच अक्षरजोडीत नांदतात.

बोलणे आणि मौन यांची हीच लढाई ‘कथासरित्सागरा’च्या सर्वांत लाडक्या भागात आहे. वेताळाच्या पंचवीस कथा या ग्रंथाच्या बाराव्या लंबकात येतात. प्रेत खांद्यावर घेऊन चालणाऱ्या राजाने मौन पाळायचे. पण उत्तर ठाऊक असून बोलला नाही तर डोके फुटणार, आणि बोलला तर प्रेत पुन्हा झाडावर जाणार. सोमदेवाच्या ग्रंथात हा राजा उज्जयिनीचा विक्रम नाही. तो आहे त्रिविक्रमसेन, राहणार गोदातीरीचे प्रतिष्ठान. पैठणकरांनी हा दावा आजवर जोरात कसा मांडला नाही, हे नवल आहे. पुढे ‘चांदोबा’ मासिकाने राजा, प्रेत आणि झाड तेवढे ठेवले आणि पंचविशी कधीच संपल्यावरही महिन्यामागून महिने त्या चौकटीत नव्या गोष्टी घातल्या. मराठी मुलांच्या किती पिढ्यांनी ‘बृहत्कथे’चा वारसा त्या रंगीत पानांवर, नकळत, वाचला असेल.

मात्र एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हारूनच्या गोष्टीत गुणाढ्य कुठेही नाही. पोथी जाळण्याचा प्रसंग नाही, रक्ताची शाई नाही. रश्दींनी सोमदेवाकडून घेतला तो सागर आणि कथेतून कथा निघण्याची रीत. पण दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की एकाच जखमेकडे बोट जाते: ज्याचे बोलणे हेच जगणे, तो गप्प केला जातो तेव्हा काय होते? गुणाढ्य स्वतःच्या प्रतिज्ञेने गप्प झाला आणि राजाच्या नकाराने पोथी जाळू लागला. रशीदला त्याच्याच मुलाचा प्रश्न मुका करतो. लेखक स्वतः तर जिवाच्या भीतीने दडलेला होता.

फरक आहे तो वाचवणाऱ्यात. गुणाढ्याची कथा राजाच्या बिघडलेल्या पोटामुळे वाचते, तीही सातातला एक भाग. हारूनच्या जगात समुद्र वाचवतो तो घातक प्रश्न विचारणारा मुलगाच. गुपच्या सैन्यात सैनिकांना ‘पाने’ म्हणतात आणि ते सेनापतीच्या प्रत्येक हुकमावर यथेच्छ वाद घालतात. शिस्तप्रिय वाचकाला वाटते, हे नक्की हरणार. पण बोलून बोलून त्यांची एकजूट पक्की झालेली असते, आणि मौनाच्या शपथेने एकमेकांवरचा विश्वास गमावलेले चुपचे लोक रणांगणात कोसळतात. तिकडे हारून जादूचे पाणी पिऊन चंद्रालाच फिरवतो. कायम अंधारात ठेवलेल्या चुपवर ऊन पडते आणि खतमशुदच्या सावल्या वितळतात.

वीस वर्षांनी, २०१० मध्ये, रश्दींनी धाकट्या मुलासाठी ‘लूका अँड द फायर ऑफ लाइफ’ लिहिली. या वेळी रशीद खलिफा गाढ झोपेत मरणाकडे चालला आहे आणि हारूनचा धाकटा भाऊ लूका त्याच्यासाठी जीवनाची आग चोरायला निघतो. वाटेत व्हिडिओ गेमसारखे जीव मोजले जातात, पातळ्या ओलांडाव्या लागतात. आणि त्या खेळात जागोजागी भेटतात जगभरच्या पुराणांतले देव: आता कोणी पूजा करत नाही म्हणून रिकामे बसलेले, एकमेकांशी भांडणारे, आणि एका मुलाने आपल्याला गोष्टीत घेतले म्हणून पुन्हा कामाला लागलेले.