पॅरिसमधील एक तटस्थ मत आणि आपला बीड

१/ बीड जिल्ह्यात वाढलेल्या प्रत्येकाला १७ सप्टेंबर ठाऊक असतो. झेंडावंदन होते, मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांचे स्मरण होते. १६ सप्टेंबर मात्र कोणाच्या ध्यानात नसतो. १९४८ साली त्या दिवशी पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादचा प्रश्न आला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यातला जिल्हा होता आणि भारतीय फौजा संस्थानात शिरून चौथा दिवस चालू होता.

२/ निजाम सरकारची तक्रार विषयपत्रिकेवर घेण्यास ८ मते मिळाली. विरोधात कोणी नाही. तटस्थ तिघे : सोव्हिएत संघ, युक्रेन आणि चीन. हा चीन माओंचा नव्हे, च्यांग काय-शेक यांचा. हेच च्यांग १९४२ मध्ये भारतात येऊन कलकत्त्यात गांधीजींना भेटले होते. आपल्या मुलखाच्या प्रश्नावर ते राष्ट्र तटस्थ का राहिले असावे, या कुतूहलाने मी चिनी राजनयाच्या इतिहासाकडे वळलो.

३/ तेथे गाठ पडली त्सियांग तिंग-फू यांच्याशी. १९४८ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांतील चीनचे कायम प्रतिनिधी होते. पण त्याआधी ते इतिहासाचे प्राध्यापक. १९२३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून परतल्यावर त्यांनी नानकाई आणि पुढे छिंगह्वा विद्यापीठात अध्यापन केले.

४/ त्या काळी चीनच्या परराष्ट्रसंबंधांचा प्रमाण ग्रंथ होता मोर्स यांचा, आणि त्याचा मुख्य आधार पाश्चात्त्य कागदपत्रे. त्सियांग यांचा आक्षेप साधा होता : वाटाघाटीला दोन पक्ष असतात, मग दप्तर एकाचेच का वाचावे? त्यांनी छिंग दरबाराची कागदपत्रे संकलित करून १९३१ आणि १९३४ मध्ये दोन खंड प्रसिद्ध केले. अमेरिकी अभ्यासक जॉन फेअरबँक त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडले.

५/ आजचे संशोधन हाच मार्ग पुढे नेते. पेइयांग काळातील सरकारे दुबळी आणि परकीयांपुढे वाकणारी, असा समज रूढ होता. जपानचे कावाशिमा शिन आणि तैवानचे थांग छी-ह्वा यांनी तैपेईतील दप्तरे वाचली आणि निराळे चित्र पुढे आले : अंतर्गत यादवीतही त्या सरकारांचे मुत्सद्दी विषम करार एकेक करून बदलून घेत होते. १९२१ चा जर्मनीशी झालेला समान दर्जाचा करार हे त्याचे ठळक उदाहरण.

६/ दप्तरांचे दरवाजे मात्र राजकारणाच्या वाऱ्यावर हलतात. बीजिंगच्या परराष्ट्र मंत्रालयाने २००४ पासून जुनी कागदपत्रे अभ्यासकांना खुली केली. दशकभरातच त्यांवर पुन्हा निर्बंध आले. म्हणूनच आजचा अभ्यासक एका राजधानीवर विसंबत नाही. १९४८ च्या त्या तटस्थ मतामागील विचार जाणायचा, तर पॅरिसच्या इतिवृत्तासोबत तैपेई, दिल्ली आणि लंडन येथील कागदही वाचावे लागतात.

७/ आणि हैदराबादचेही. माझ्या दृष्टीने खरा प्रश्न येथे उभा राहतो. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकालीन दप्तरांसाठी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज भासली. आपल्याच आजोबा-पणजोबांची नोंद वाचण्यासाठी आपल्याला दुसऱ्याची दृष्टी उसनी घ्यावी लागते. आपला इतिहास आपण अजून एकाच बाजूच्या कागदांवरून ओळखतो, असा त्याचा अर्थ मी घेतो.

८/ सध्या रोज सायंकाळी मी उर्दूची अक्षरे गिरवतो. मित्रहो, बीड, अंबाजोगाई, माजलगाव, जिथे असाल तिथे घरातील जुने खासरापत्रक किंवा खरेदीखत जपून ठेवा आणि त्याची लिपी शिकायला घ्या.