भजनाच्या मधोमध आंबा

प्रत्येक घरात एखादी वस्तू अशी असते, की तिला हात लावायचा नाही असं कुणी सांगत नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या आजोळी अशी एक कॅसेट होती. तिला मी हात लावला, त्याची ही गोष्ट. पण त्याआधी तुम्हांला एका कॉम्प्युटरची ओळख करून द्यायला हवी. कॅसेटकडे येतेच मी!

माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात. मामा बोटीवर नोकरीला होता. तो घरी आला की ट्रंकेतून काय काय निघायचं! १९८५ साली त्यानं लिव्हरपूलला एक कॉम्प्युटर विकत घेतला होता, तोही कुणीतरी वापरून झालेला. त्याचं नाव झेडएक्स स्पेक्ट्रम. घरी आणला, चार दिवस सगळ्यांनी पाहिला आणि मग तो माळ्यावर गेला. १९९९च्या मे महिन्यात माझ्या मामेभावानं, म्हणजे दादानं, तो खाली काढला. दादा दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होता आणि मी सहावी संपवून सुट्टीला गेले होते.

मला आधी पटेचना, की हा कॉम्प्युटर आहे. आमच्या कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, काळा, चपटा डबा. त्यावर रबराच्या चाळीस कळा, दाबल्या की खोडरबर दाबल्यासारख्या लागायच्या. पडदा नाहीच! तो टीव्हीला जोडायचा. वायर मागे खुपसायची आणि टीव्हीचं बटण फिरवत फिरवत चित्र शोधायचं. मग पांढऱ्या पडद्यावर खाली एक ओळ यायची, १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. बस्स. चित्रं नाहीत, गाणं नाही. आता तू काय सांगतेस, असं म्हणत तो जणू वाट बघत बसायचा.

हा कॉम्प्युटर इंग्लंडमध्ये एप्रिल १९८२मध्ये बाजारात आला. क्लाइव्ह सिंक्लेअर यांची ती कंपनी. लहान मॉडेल १२५ पौंडांना आणि मोठं १७५ पौंडांना. त्या काळी इतका स्वस्त, रंगीत चित्रं दाखवणारा कॉम्प्युटर म्हणजे नवलच होतं. आईवडील मुलांना तो अभ्यासासाठी म्हणून घेऊन देत आणि मुलं त्यावर गेम खेळत. (आईवडील आणि मुलं सगळीकडे सारखीच, नाही का?) मामाचा होता तो मोठा, ४८ के मेमरीचा. ४८ के म्हणजे किती? तुमच्या आईच्या मोबाइलवर काढलेला एक फोटो साधारण तीन एमबीचा धरला, तर तेवढ्या जागेत या कॉम्प्युटरच्या साठएक मेमऱ्या मावतील. आणि तेवढ्याशा जागेत अख्खा गेम बसवायचा!

गेम यायचे कॅसेटवर. कॅसेट म्हणजे काय, हे परवा माझ्या चौथीच्या वर्गानं मला विचारलंच. प्लॅस्टिकच्या डबीत दोन चाकं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत. गाणी त्या फितीवर टेप करायची. स्पेक्ट्रमचा गेमसुद्धा तसाच, आवाज म्हणून टेप केलेला असायचा. टेपरेकॉर्डर वायरनं कॉम्प्युटरला जोडायचा, लोड असं लिहायचं आणि कॅसेट लावायची. आधी ‘टूँऽऽऽ’ असा एकसुरी आवाज, मग ‘चर्रर्रऽऽ’. तव्यावर काहीतरी करपतंय असं वाटावं! टीव्हीच्या कडेला रंगीत पट्टे नाचायचे, आधी लाल आणि आकाशी, मग निळे आणि पिवळे. मोठा गेम चढायला चारपाच मिनिटं लागायची. टेपचा आवाज थोडा कमीजास्त असला, की शेवटच्या क्षणाला सगळं अडायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

मामाकडे एकच विकत घेतलेला गेम होता, मॅनिक मायनर. विली नावाच्या खाणकामगाराला वीस गुहा पार करायच्या असतात. उड्या मारत किल्ल्या गोळा करायच्या आणि हवा संपायच्या आत दार गाठायचं. तिन्ही विली मेले, की वरून एक भलामोठा बूट येऊन शेवटच्या विलीला चिरडतो. आम्ही जाम हसायचो. हा गेम १९८३ साली मॅथ्यू स्मिथ नावाच्या मुलानं केला, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. हे दादानं सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडे बघितलं. दादा सोळाचा होता. मनात म्हटलं, म्हणजे एक वर्ष आहे अजून!

पण आम्हांला खेळायला तरी कुठं मिळायचं? त्या वर्षी इंग्लंडमध्ये क्रिकेटचा विश्वचषक होता. दुपारी तीनच्या पुढे मामाच्या ओटीवर अर्धी वाडी जमायची, तेव्हा टीव्हीला बोट लावायची सोय नव्हती. सकाळी मामी अंगणात साटं वाळत घालायची, तेवढ्या वेळात आमचं काय ते.

दादाला बेसिक नावाची भाषा थोडी येत होती. कॉम्प्युटरबरोबरच्या पुस्तकातून तो शिकला होता. चित्र कसं काढायचं, ते त्यानं मला दाखवलं. गणिताच्या चौकटीच्या वहीत आठ बाय आठचा चौकोन घ्यायचा. घर रंगवलं तर एक, कोरं ठेवलं तर शून्य. ‘कोरं, कोरं, रंगव, रंगव, रंगव, रंगव, कोरं, कोरं’, ही ओळ झाली ००११११००, म्हणजेच ६०. अशा आठ ओळींचे आठ आकडे कॉम्प्युटरला दिले, की पडद्यावर एका अक्षराच्या जागी आपलं चित्र उमटतं. मी आंबा काढला. अंगणात दुसरं होतंच काय समोर?

मग दादा आठ दिवसांसाठी मुंबईला मावशीकडे गेला. जाताना बजावून गेला, “माझ्या कॅसेटला हात लावायचा नाही.” त्याचे सगळे प्रोग्रॅम त्या एका कॅसेटवर होते.

मी ठरवलं, तो येईपर्यंत आपण गेम करायचा. वरून आंबे पडतील, खाली टोपली, पाचच्या कळीनं डावीकडे आणि आठच्या कळीनं उजवीकडे. पुस्तकातला एक प्रोग्रॅम समोर ठेवून, त्यात आंबा घुसवून, दोन सकाळी खपून मी तो टाइप केला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पहिला आंबा टोपलीत पडला आणि लाइट गेली.

लाइट गेली म्हणजे सगळं गेलं. त्या कॉम्प्युटरला वीज बंद झाल्यावर काहीही आठवत नसे. कॅसेटवर सेव्ह केलं असतं तरच उरलं असतं. मी पडवीत जाऊन रडले. मामीला वाटलं, पडले कुठेतरी.

तिसऱ्या दिवशी सगळं पुन्हा टाइप केलं. या वेळी सेव्ह करायचं हे पक्कं होतं. पण कशावर? कोरी कॅसेट गुहागरच्या बाजाराशिवाय मिळायची नाही. दादाच्या कॅसेटला हात लावायची छाती नव्हती. टेपरेकॉर्डरमध्ये एक कॅसेट होतीच. आजोबांची.

आजोबा १९९६मध्ये गेले. ते गावच्या भजनी मंडळात गायचे आणि मामानं एकदा त्यांचं भजन टेप करून घेतलं होतं. दर एकादशीला आजी ते लावायची. कॅसेटवर चुकून दुसरं काही टेप होऊ नये म्हणून तिच्या वरच्या कडेला एक छोटी पट्टी असते, ती तोडून टाकली की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. मामानं ती तोडली होती. आणि मला हे माहीत होतं, की त्या भोकावर चिकटपट्टी लावली की बटण पुन्हा दाबलं जातं. ते मला दादानंच शिकवलं होतं.

अजाणतेपणी झालं, असं म्हणायची सोय नाही बघा. मी चिकटपट्टी शोधली, कात्रीनं कापली, नीट लावली. मनात म्हटलं, एवढासा तर प्रोग्रॅम आहे, पंचवीस सेकंदांत आटपेल, एवढ्या मोठ्या भजनात कुणाला कळणार? टेप जिथं थांबली होती तिथूनच सेव्ह केलं. मग चिकटपट्टी काढून टाकली.

चार दिवसांनी एकादशी आली. दादा परत आला होता. आजीनं कॅसेट लावली. टाळ, मृदंग, आजोबांचा आवाज. एक अभंग अर्ध्यावर आला आणि एकदम ‘टूँऽऽऽ चर्रर्रऽऽ!’ आजी दचकली. मामी म्हणाली, “फीत अडकली वाटतं.” मामा बटणं दाबायला लागला. आणि दादा? तो आवाज ओळखणारे घरात दोघंच होते. त्यानं फक्त माझ्याकडे बघितलं. बोलला नाही काही.

ते बघणंच मला पुरलं. रात्री आजी अंथरुणं घालत होती, तेव्हा मी तिला सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, असू दे गो बाळा. तसं काही झालं नाही. ती उशीला खोळ घालत राहिली आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. वाढताना ताटात वाढायची, पण बोलायची नाही. मी आजही कुणा मुलावर रागावले आणि ते ‘चुकून झालं बाई’ म्हणालं, की मला ते चार दिवस आठवतात. जास्त काही बोलवत नाही.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, “आहे काय त्यात, दाखव बघू.” दादानं जोडणी केली. पहिल्यांदा लोड होईना, दुसऱ्यांदा होईना, माझे हात गार पडले. तिसऱ्यांदा आवाज जरा वाढवला आणि पडद्यावर आंबे पडायला लागले. आजीनं पाचसहा आंबे बघितले. म्हणाली, “एवढ्यासाठी?” मग थोड्या वेळानं, “टोपली फारच बारकी आहे.”

पुढच्या एकादशीला मी आमच्या घरी होते. दादानं पत्रात लिहिलं, की कॅसेटवर ती जागा आली तसा आजीनं आवाज अगदी बारीक केला, हरवलेल्या ओळी स्वतः म्हटल्या आणि आवाज पुन्हा मोठा केला, तो बरोबर आजोबांच्या पुढच्या ओळीवर. नंतर मी स्वतः कितीदा ऐकलं ते. एवढी सवय झाली होती तिला, की टेपरेकॉर्डरकडे न बघताही जमायचं. आजी २०११मध्ये गेली. कॅसेट आहे. आजी ते मधलं म्हणायची, ते मात्र आम्ही कुणीच टेप करून ठेवलं नाही.

२०२४च्या दिवाळीत दादानं ती कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. हल्ली असे प्रोग्रॅम मिळतात, की ते आपल्या लॅपटॉपलाच जुना स्पेक्ट्रम झाल्यासारखं वागायला लावतात. त्यांना एम्युलेटर म्हणतात. कॅसेटवरचा तो आवाज दिला, की गेम सुरू! सुट्टी संपल्यावर मी ते सगळं शाळेत नेलं. आधी मुलांना नुसता आवाज ऐकवला. भजन, मग चर्रर्र, मग पुन्हा भजन. वर्ग हसून हसून लोळला. मग गेम लावला आणि पाळीपाळीनं एकेकाला खेळायला दिलं.

मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी वहीसुद्धा उघडत नाही, तो उठून उभा राहिला. “बाई, यात चूक आहे. उजवीकडच्या शेवटच्या घरात आंबा पडला, तर टोपली तिथं पोचतच नाही.”

मी म्हटलं, शक्यच नाही. पुन्हा खेळून बघितलं. खरंच! पंचवीस वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. प्रोग्रॅमच्या ओळी पडद्यावर आणल्या आणि आम्ही सगळे वाचायला लागलो. आडव्या ओळीत बत्तीस घरं, शून्यापासून मोजली तर शेवटचं ३१वं. आणि मी लिहिलं होतं, टोपली ३०च्या आत असेल तरच एक घर उजवीकडे सरकव. म्हणजे ती ३०वर जाऊन थांबणार. त्यानं पुढे येऊन ३०चे ३१ केले. आंबा टोपलीत पडला. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, आता हे सेव्ह कशावर करायचं?”