वाडा, बिऱ्हाड आणि पागडी

दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला ‘हिंदूराव’ हे नाव बहुधा एखाद्या पाटीवर प्रथम भेटते आणि क्षणभर थांबवते. उत्तरेकडील टेकडीवर, विद्यापीठापासून फार दूर नसलेल्या जागी, या नावाचे महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय आहे. तेथून दक्षिणेस, सदर बाजाराच्या शेजारी, ‘बाडा हिंदूराव’ ही दाट वस्ती आहे. हे हिंदूराव कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले. सर्जेराव घाटग्यांचे पुत्र आणि दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. ‘बाडा’ म्हणजे आवार. आपल्या ‘वाडा’ या शब्दाचे ते सख्खे भावंड. वाडा गेला, आवार गेले, नाव तेवढे मोहल्ल्याला चिकटून राहिले.

टेकडीवरील घराची कथा इतिहासाला ठाऊक आहे. कंपनी सरकारचा दिल्लीतील अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ साली खून झाला आणि त्यानंतर त्याचा बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५७ च्या जून ते सप्टेंबर या महिन्यांत त्याच बंगल्याच्या आधाराने इंग्रजांनी टेकडी लढवली. पुढे तेथे रुग्णालय आले. खरेदी, युद्ध आणि सरकार अशा तीन वाटांनी हे घर हातोहात गेले. तथापि प्रत्येक वेळी ज्याचा ताबा त्याचेच घर, हे स्पष्ट होते. खालच्या बाड्याचे तसे नाही. तेथे घर एकाचे, ताबा दुसऱ्याचा, आणि किंमत ठरते ती या दोहोंमधील अंतरातून. हे अंतर कसे पडले, हे पाहिल्याखेरीज महानगरातील घरांच्या भावांचे कोडे उलगडत नाही.

१९४१ साली दिल्ली प्रांताची लोकसंख्या सुमारे सव्वानऊ लाख होती. १९५१ साली ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. मधल्या काळात फाळणी झाली होती. १९४७ च्या सप्टेंबरात सदर बाजार, सब्जी मंडी, पहाडगंज या भागांत दंगली उसळल्या. असंख्य मुसलमान कुटुंबे घरे सोडून गेली, आणि पंजाबातून तशीच घरे सोडून आलेली माणसे शहरात शिरली. सोडून गेलेल्यांची घरे सरकारी ‘कस्टोडियन’च्या ताब्यात आली. कोणाचे बिऱ्हाड कोठे पडावे, हे तेव्हा भाड्याने ठरले नाही; भयाने आणि गरजेने ठरले.

अशा शहरात भाडेकरूला संरक्षण देणे हे न्यायाचेच होते. १९५६ च्या गलिच्छ वस्ती कायद्याने घोषित क्षेत्रांतील भाडेकरूला काढण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक ठरवली. १९५८ च्या दिल्ली भाडे नियंत्रण कायद्याने भाड्यालाच मर्यादा घातली. बांधकामाचा खर्च आणि बांधकाम सुरू झाले त्या दिवशीची जमिनीची किंमत, यांवरून प्रमाण भाडे काढावयाचे, ही त्यातील एक प्रमुख रीत होती. येथे एक सूक्ष्म गोष्ट घडली. जमिनीची किंमत एका दिवसापाशी थांबली. शहर मात्र थांबले नाही.

भाडे गोठले की घराचे मोल नाहीसे होत नाही. ते जागा बदलते. मालकाच्या हाती नाममात्र भाडे उरले आणि खरे मोल ताब्याला आले. ताबा सोडणारा भाडेकरू नव्या भाडेकरूकडून एकरकमी पैसा घेऊ लागला, त्यातील वाटा मालकाला मिळू लागला, आणि या रकमेला दिल्ली-मुंबई दोन्हीकडे एकच नाव मिळाले : पागडी. मस्तकावरील मानाचे वस्त्र येथे उंबरठ्याचा दर झाले. भाड्याव्यतिरिक्त अशी रक्कम घेण्यास दिल्लीच्या कायद्याची मनाई आहे. म्हणून तिची पावती नसते, आणि पावती नाही म्हणून न्यायालयात तिला तोंड नसते. आयुष्याची पुंजी अशा रीतीने ओतणारा माणूस कागदावर मात्र दरमहा थोडे रुपये भरणारा साधा भाडेकरूच राहतो.

दुसरे बळ शहराबाहेरून आले. १९५७ साली दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि १९६१ मध्ये मोठ्या प्रमाणावर जमीन संपादन करून ती विकसित करण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले. सट्टेबाजीला आळा घालावा, हा हेतू. परिणामी शासन हेच जमिनीचे सर्वांत मोठे व्यापारी झाले. भूखंड पट्ट्याने दिले जात, काही लिलावाने. मागणीच्या मानाने ते सदैव अपुरे. ज्यांना भूखंड परवडला नाही वा मिळाला नाही, त्यांनी अनधिकृत वसाहतींची वाट धरली. यामुळे बाड्यातील भाडेकरूपुढे पर्यायच उरला नाही. आत भाडे स्वस्त आणि बाहेर घर महाग, तेव्हा तो हलणार कोठे? कुटुंब वाढले की खोलीत पोटमाळा चढतो. व्यापाराला जागा हवी असली की राहती खोली गोदाम होते. घाऊक बाजार उशाशी असल्यामुळे माल ठेवणारा माणूस राहणाऱ्यापेक्षा अधिक पागडी देऊ शकतो. अशा मोहल्ल्यातून माणसे हुकूमाने जात नाहीत. एकेक खोली करून जातात.

मुंबईने हीच वाट आधी तुडवली. १९४७ च्या कायद्याने तेथील भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. दुरुस्ती कोणालाच परवडेना, तेव्हा १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीसाठी मंडळ नेमावे लागले. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर आलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र कायद्याने पागडीसारख्या रकमेला उघड मान्यता दिली. जे अंधारात चालत होते, ते निदान दिव्याखाली आले.

दिल्लीने तसे केले नाही. १९८८ साली मासिक साडेतीन हजार रुपयांहून अधिक भाड्याची घरे कायद्याबाहेर काढण्यात आली. १९९५ मध्ये संसदेने नवा भाडे कायदा संमत केला, त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरीही झाली; पण व्यापारी भाडेकरूंच्या विरोधापुढे तो अमलात आलाच नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकाला स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी दुकानाची जागाही परत मागण्याचा मार्ग मोकळा केला. २०२१ मध्ये केंद्राने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. त्याचा रोख मुख्यतः पुढील करारांकडे आहे. जुन्या बाड्यांचा प्रश्न त्यामुळे होता तेथेच राहतो.

या प्रश्नावर बोलणारे बहुधा दोन पक्षांत विभागतात. एकाला मालक लुबाडला गेलेला दिसतो, दुसऱ्याला भाडेकरू धोक्यात दिसतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि म्हणूनच अपुरे आहे. मराठीत ‘घरमालक’ आणि ‘घरधनी’ हे शब्द वरवर समानार्थी. परंतु मालकी कागदावर असते, धनीपण छपराच्या काळजीत असते. बाड्यात मालक आहे, बिऱ्हाडकरू आहे, घरधनी कोणीच नाही. पावसाळ्यात गळणारा सज्जा दुरुस्त करावा तर भाडेकरू म्हणतो, घर माझे नव्हे. मालक म्हणतो, भाडे पुरत नाही. मग सज्जा कोसळतो तो ज्याच्या डोक्यावर, त्याला या वादाचा निकाल ऐकावयास मिळत नाही.

म्हणून भाडे मोकळे करण्याआधी पागडीची नोंद व्हावयास हवी. भाडेकरूने ताब्यासाठी मोजलेली रक्कम हे त्याचे भांडवल आहे, हे एकदा मान्य केले की पुनर्बांधणीत त्याचा वाटा ठरवता येतो, मालकाला वाढीव भाडे मागता येते, आणि दुरुस्तीचा खर्च दोघांत विभागता येतो. हे न करता केवळ बाजाराच्या हाती घर सोपवले, तर बाड्यातील माणसे शहराच्या कडेला फेकली जातील. आणि जैसे थे ठेवले, तर मागे फक्त गोदामे उरतील. दोन्ही वाटांच्या शेवटी हिंदूरावांचे नाव राहील; त्या पत्त्यावर राहणारे मात्र कोणी असणार नाही.