ओ

आमच्या माण तालुक्यात मुलीवर मुली होत गेल्या की एखादीचं नाव नकुसा ठेवत. आता मुलगी नको, मुलगा दे, असा तो देवाला धाडलेला निरोप. मी तिसरी. माझ्या पाठीवर भाऊ झाला. म्हणजे निरोप पोचला होता. चिठ्ठी मात्र माझ्याच गळ्यात राहिली.

१९७२च्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची. तिथं मिळालेली सुकडी आम्हा चौघा भावंडांना पुरायची नाही. एका सकाळी तिनं मला न्हाऊ घातलं, चापून तेल लावून वेणी घातली आणि एसटीनं मिशनच्या बोर्डिंगात नेऊन सोडलं. “पाऊस पडला की न्यायला येते,” म्हणाली. पाऊस पुढच्या साली पडला. आई आली, पण न्यायला नाही. मग दर दिवाळीला यायची. नवं परकर-पोलकं माझ्या अंगाला लावून बघायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. परकर दर वेळी चार बोटं आखूड निघायचा. तिच्या डोळ्यांत मी गेल्या दिवाळीएवढीच असायची.

बोर्डिंग सांभाळणाऱ्या बाईंना आम्ही मावशी म्हणायचो. त्यांची आई १८९६-९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून केडगावला आणलेल्या मुलींपैकी एक. रमाबाईंचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेलेले. रस्त्यावरच्या पोरीचे डोळे वाचायला त्यांना कुणी शिकवावं लागलं नसणार. मावशींकडे रमाबाईंनीच सोप्या मराठीत आणलेलं, त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी खिळे जुळवून छापलेलं बायबल होतं. रात्रीच्या प्रार्थनेनंतर मावशी त्यातली गोष्ट सांगत.

एकदा शमुवेलाची सांगितली. हन्नानं नवस बोलून मागितलेला मुलगा दूध तुटताच देवाच्या मंदिरात, म्हाताऱ्या एलीपाशी नेऊन ठेवला. दर वर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून आणायची. माझ्या पोटात गोळा आला. मी विचारलं, “मावशी, पहिल्या रात्री तो रडला का?”

मावशींनी पान उलटून पाहिलं. “लिहिलेलं नाही,” म्हणाल्या. “पण रडला असणार.”

पहिलं औषध ते. तोवर प्रत्येक मोठ्या माणसानं मला सांगितलं होतं, की रडायचं नाही, तुझ्या भल्यासाठीच ठेवलंय.

पुढची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. रात्री शमुवेलाला देवाची हाक येते. एलीनंच बोलावलं समजून तो धावत त्याच्याकडे जातो. मी नाही बोलावलं, जा, नीज, असं एली सांगतो. असं तीनदा होतं. टाकलेलं मूल असंच असतं. कुणाचीही हाक त्याला आपलीच वाटते आणि ते उठून धावतं. मीही धावले. शाळेतल्या बाईंकडे, मैत्रिणींच्या आयांकडे, पुढे एका माणसाकडे. सगळ्यांनी एलीचंच उत्तर दिलं. चौथ्या हाकेला शमुवेल कुठंही धावत नाही. जागच्या जागी ओ देतो. मला त्या चौथ्या हाकेपर्यंत यायला वीस वर्षं लागली.

मधल्या काळात प्रार्थनेतला ‘बाप’ हा शब्द माझ्या घशात अडकायचा. माझा बाप मुंबईला गिरणीत होता. त्यानं कधी पत्रही धाडलं नाही. मग एका उत्तम शुक्रवारी देवळात बसले असताना जाणवलं, की वधस्तंभावरच्या लेकरानंही हेच विचारलं होतं: मला का टाकलंस? आणि वरून उत्तर आलं नव्हतं. ज्या धर्मात देवाच्या पुत्रालाही हा प्रश्न पडतो, तिथं माझ्या प्रश्नाला जागा असणार, एवढं मला कळलं. दुखणं त्या दिवशी गेलं नाही. पण आता दुखण्यात मी एकटी नव्हते.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी विचारलं, “नवं नाव घेणार?” मी नको म्हणाले. मावशी मला नकुसाच म्हणायच्या, पण अशी लाडानं हाक मारायच्या की त्यातला नकार विरघळून जायचा. देवानंही शमुवेलाला जुन्याच नावानं बोलावलं होतं. २०११ साली साताऱ्यात २८५ नकुसांनी समारंभात नवी नावं घेतली, तेव्हा मात्र मी वर्तमानपत्र छातीशी धरून रडले. त्यांनी केलं ते योग्यच. पाठीवर हात फिरवणारी मावशी प्रत्येकीला थोडीच मिळते?

भाऊ पुण्याला असतो. आई आता माझ्याकडे असते. तिला रात्री नीट दिसत नाही, वेळेचं भान राहत नाही. अंधारात ती हाक मारते, “नकुसे!” कधी एका रात्रीत तीनदा. तिन्ही वेळा मी ओ देते आणि उठून जाते.